बालकांच्या भाजलेल्या जखमांवरील मलमपट्ट्या : एक तौलनिक विचार

भाजलेल्या बालकाची जखम झाकणे जितके आवश्यक, तितकेच ती वारंवार न उघडणेही आवश्यक असते. प्रस्तुत लेखात त्वचेच्या मध्यम खोलीपर्यंतच्या जखमांवरील पट्ट्यांची याच निकषावर तुलना केली आहे.

सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम १९६८ पासून प्रचलित आहे. ते जंतूंना आवर घालते. परंतु पट्टी साधारणतः रोज बदलावी लागते आणि जखमेवर साचणाऱ्या थरामुळे तिची खोली जोखणे कठीण होते. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात, सर्व वयोगटांचा विचार करता, या मलमाने जखमा तुलनेने उशिरा भरत असल्याचे आढळले. चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची पट्टी अनेक दिवस ठेवता येते. मात्र ती महाग असते. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची, निर्जंतुक केलेली पट्टी मांडली. ती जखम ओलसर राखते, चिकटत नाही आणि अल्पखर्चिक आहे.

सारांश, पट्टीचे मूल्य केवळ तिच्या दराने ठरत नाही. ती किती वेळा बदलावी लागते आणि दर वेळी बालकाला किती वेदना होतात, हाही हिशेब त्यात धरला पाहिजे.