ट्रेकसाठी चाकू घेताय? साधी धार की दातेरी?

गेल्या जुलैमध्ये सह्याद्रीत एका किल्ल्याच्या पायथ्याशी आमचा मुक्काम होता. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेला दातेरी चाकू होता. दिसायला एकदम भारी! ताडपत्रीसाठी बांबूची खुंटी तासायला घेतली. दोन-तीनदाच तासलं असेल, एक दात बांबूत अडकला. जोर लावला तसं पातं निसटलं आणि थेट डाव्या अंगठ्यावर आलं.

रात्री उलटं झालं. वाऱ्याने ताडपत्रीच्या ओल्या नायलॉन दोरीची गाठ आवळली, काही केल्या सुटेना. मित्राच्या साध्या चाकूची धार गेलेली, तो दोरीवरून नुसता घसरत होता. माझ्या चाकूने दोन ओढींत दोरी तुटली. म्हणजे चाकू वाईट नव्हता, मी त्याला काम चुकीचं दिलं होतं.

फरक नेमका कुठे आहे?

कापण्याच्या दोन पद्धती असतात. एक म्हणजे पातं दाबून पुढे ढकलणं. लाकूड तासताना, सफरचंद सोलताना आपण हेच करतो. इथे साधी, सलग धार हवी. ती सरळ, गुळगुळीत काप देते आणि पातं कुठे चाललंय यावर आपला ताबा राहतो.

दुसरी पद्धत म्हणजे पातं मागे-पुढे ओढणं. दातेरी पात्यात सगळा जोर आधी दातांच्या टोकांवर येतो. जोर तेवढाच, पण जागा कमी, म्हणून दाब वाढतो आणि दात दोरीच्या धाग्यांत घुसतात. मग दातांमधल्या खाचा ते धागे पकडून कापतात. दोरी, बॅगेचा पट्टा, पाव यांसाठी हे मस्त. लाकडात मात्र हेच दात अडकतात.

हे आपल्याकडे नवीन नाही. गावाकडे लाकूड तोडायला साध्या धारेचा कोयता असतो, आणि भात-गवत कापायला दातेरी वैभव विळा मिळतो. हत्यार कामानुसार ठरतं.

धार गेली तर?

खरा प्रश्न इथे आहे. साधं पातं सपाट दगडावर, प्रत्येक बाजूने साधारण 20 अंशांच्या कोनात घासलं की झालं. थोडा सराव केला तर कोणालाही जमतं.

दातेरी पात्याची धार जास्त दिवस टिकते, कारण खाचांमधली धार कटिंग बोर्डासारख्या कडक पृष्ठभागावर आपटत नाही. पण एकदा गेली की निमुळती गोल कानस घेऊन एकेक खाच घासत बसा. त्यात बहुतेक पात्यांना दात एकाच बाजूने पाडलेले असतात, त्यामुळे घासायचं त्याच बाजूने. कॅम्पवर हे करायला वेळ कुणाकडे आहे?

अर्धं साधं, अर्धं दातेरी घेतलं तर?

असे चाकू मिळतात. स्विस सैन्याच्या 'सोल्जर 08' चाकूचं पातंही अंशतः दातेरी आहे. पण बऱ्याच मॉडेल्समध्ये दात मुठीजवळ असतात. लाकूड तासताना सगळ्यात जास्त जोर मुठीजवळच लागतो आणि नेमकी तीच जागा दातांनी अडवलेली असते. लहान पात्यात तर दोन्ही भाग अपुरे पडतात.

मग घ्यायचं काय?

- एकच चाकू घेणार असाल तर साध्या धारेचा, 3 ते 4 इंचांच्या पात्याचा घ्या. फोल्डिंग असेल तर पात्याला लॉक हवंच.
- दोरी, पट्टे यांचं काम जास्त असेल, म्हणजे कयाकिंग वगैरे, तर सोबत एक छोटा दातेरी ठेवा.
- निघण्याआधी कागद कापून बघा. कागद फाटला किंवा पातं अडखळलं तर धार लावा. बोथट चाकूला जास्त जोर लावावा लागतो आणि तोच हात कापतो.
- फार मोठा चाकू नको. घरगुती, शेती किंवा औद्योगिक कामाची हत्यारं सोडली, तर 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या नियमांत येतं. विमानाने जाणार असाल तर चाकू केबिन बॅगेत ठेवू नका.

माझा दातेरी चाकू अजून बॅगेत आहे, पण फक्त दोरीसाठी. खुंट्या आता साध्या पात्याने तासतो, आणि पातं नेहमी अंगापासून लांबच्या दिशेने चालवतो.