आभाळ आणि तुरीवरची अळी

चोरखमाऱ्यासारख्या गोंदियातल्या धानपट्ट्यात तूर बहुधा बांधीच्या धुऱ्यावर असते. ती फुलावर असताना आभाळ आले की अळी पडणार, असे सारेच म्हणतात. पण अळी ढगातून येत नाही. घाटेअळीचा पतंग कळ्या-फुलांवर अंडी घालतो. मग ढगाळ दिवसांतच ती का वाढते? आभाळ झाकले की रात्रीची थंडी ओसरते. अंडी लवकर फुटतात, अळीही भराभर वाढते. फुले-शेंगा नसतील तर तेच आभाळ तिच्या फारसे कामाचे नाही. म्हणून नुसत्या ढगांवरून फवारणी करू नका. कामगंध सापळ्यात सलग 2-3 रात्री घाटेअळीचे 8-10 पतंग सापडले, तर मात्र फवारणीसाठी थांबू नका.