इंजिन मावलं, पण सस्पेन्शनचं काय?

जुन्या गाडीत नवं, मोठं इंजिन बसवायचं ठरलं की सगळी चर्चा इंजिनाभोवती फिरते. हॉर्सपॉवर किती, गिअरबॉक्स कोणता, वायरिंगचं काय. सस्पेन्शनची आठवण होते ती इंजिन बॉनेटखाली उतरवताना कुठेतरी अडलं की, आणि तीही ‘हे मधे येतंय, कापून टाकू’ एवढ्यापुरतीच. बहुतेक गैरसमज इथेच जन्माला येतात.

ते तपासायला पहिल्या पिढीची फोर्ड मस्टँग ही उत्तम गाडी आहे. १९६४ ते १९७० या काळातल्या या गाड्यांत अमेरिकेतले हौशी लोक आजही नवी इंजिनं बसवतात. लोकप्रिय निवड म्हणजे फोर्डचंच पाच लिटरचं ‘कायोटी’, जे २०११च्या मस्टँगमध्ये आलं. याला चार कॅमशाफ्ट आहेत, त्यामुळे त्याचे हेड जुन्या व्ही-आठ इंजिनापेक्षा बरेच रुंद आहेत. ते दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरना अडतात आणि ग्राइंडर बाहेर निघतो.

टॉवर म्हणजे इंजिनाशेजारचा नुसता पत्रा, असं समजणं हा पहिला आणि सगळ्यात धोक्याचा गैरसमज. या गाडीत पुढची स्प्रिंग सस्पेन्शनच्या वरच्या आर्मवर उभी असते आणि तिचं वरचं टोक टॉवरमध्ये टेकलेलं असतं. गाडीच्या नाकाचं सगळं वजन, खड्ड्यातला प्रत्येक दणका टॉवरमधून बॉडीत जातो. वेगळी चेसिस या गाडीला नाहीच. कंपनीनेही हे टॉवर आतल्या बाजूला झुकू नयेत म्हणून काही गाड्यांत त्यांना केबिनपुढच्या भिंतीशी जोडणारा आडवा आधार दिला होता. टॉवर कापला की तो भार खालच्या लांब बीमवर येतो. हे बीम पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या आहेत, आणि खालून येणारा स्प्रिंगचा दणका थेट पेलायला ते बनवलेलेच नव्हते. म्हणून टॉवरऐवजी सस्पेन्शन धरणारा नवा क्रॉसमेंबर वेल्ड करण्याआधी बीमवर जाड पट्ट्या चढवाव्या लागतात. त्याहून आधी, काहीही कापण्यापूर्वी, गाडी सपाट जागी स्टँडवर घेऊन बीममधली कर्णाची मापं घ्यायची असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, आणि आधीची मापं नसतील तर तो किती ओढला गेला हे कळायचा मार्ग उरत नाही.

‘मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, म्हणजे कडक स्प्रिंग’ हे गणित ऐकायला बरोबर वाटतं. पण जुन्या मस्टँगचं व्ही-आठ पूर्ण लोखंडी होतं, कायोटीचा ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. दोन्ही इंजिनं दोनशे किलोच्या आसपास भरतात. नाकावरचं वजन फारसं वाढतच नाही. ते अंदाजाने ठरवू नये, गाडी काट्यावर घालून पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगवेगळं मोजावं.

स्प्रिंगवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, ही गोष्ट तर फारच कमी जण लक्षात घेतात. स्प्रिंग आर्मच्या बरोबर मध्यावर असेल तर चाक दोन इंच उचललं जाताना ती एकच इंच दबते, आणि चाकाला जाणवणारा कडकपणा मूळ आकड्याच्या चौथाई होतो. समजा स्प्रिंग ६०० पाउंड प्रति इंचाची आहे. मध्यावर ती चाकाला १५० ची वाटेल. तीच स्प्रिंग आर्मच्या लांबीच्या ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे चाकाच्या बरीच जवळ, बसवली तर सुमारे ३८४ ची. टॉवर काढून सस्पेन्शनचं नवं किट बसवलं की स्प्रिंगची जागा हमखास बदलते. जुना आकडा तसाच ठेवला तर गाडी दगडासारखी कडक होते आणि दोष मात्र नव्या इंजिनाला दिला जातो.

‘आर्म जरा वरखाली झाला तर काय, शेवटी अलाइनमेंट करून घेऊ.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. अलाइनमेंट होते उभ्या गाडीची. चाक वर-खाली होताना, वळणावर गाडी कलताना काय घडतं, ते आर्म कोणत्या बिंदूंवर फिरतात यावर ठरतं. एका इंचाने किती फरक पडतो याचा दाखला मस्टँगच्याच इतिहासात आहे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी वरच्या आर्मचा बिंदू फक्त एक इंच खाली घेण्याची रचना मांडली आणि १९६५च्या शेल्बी जीटी ३५० मध्ये ती वापरली गेली. वळणावर बाहेरचं चाक वरून बाहेरच्या अंगाला कलंडायचं ते कमी झालं, टायर रस्त्याला नीट टेकू लागला. प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं, एवढंच काम. पण त्याचीही किंमत आहेच: आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटचा कोन वाढतो, आणि बिंदू आणखी खाली नेला तर चाक पूर्ण लटकल्यावर जॉइंट अडतो.

स्टिअरिंगचंही तसंच. ऑइलचं चेंबर मधे येतं म्हणून स्टिअरिंग रॅक थोडी वर सरकवली, तर टायरॉड आणि खालचा आर्म वेगवेगळ्या कमानीत फिरू लागतात. मग स्टिअरिंग न हलवताही प्रत्येक उंचवट्यावर चाक स्वतःहून वळतं. तपासणी सोपी आहे: स्प्रिंग काढून ठेवायची, चाक जॅकने थोडं थोडं उचलायचं आणि दर टप्प्यावर ते किती वळलं ते मोजायचं. एक दुपार पुरते. ती वाचवू नये.

सस्पेन्शन कापून हलवणं म्हणजे निव्वळ जुगाड, कंपनी असलं कधी करत नाही, असंही म्हटलं जातं. फोर्डने स्वतः ते करून घेतलं आहे. नॅस्कार शर्यतींसाठी बनवलेलं ४२९ घनइंचाचं रुंद इंजिन रस्त्यावरच्या गाडीत विकणं नियमाने भाग होतं. त्यासाठी मिशिगनमधल्या ब्रायटन इथे कार क्राफ्ट या कंपनीने मस्टँगचे टॉवर बदलून बाहेर सरकवले, पुढचं सस्पेन्शन त्यानुसार हलवलं, बॅटरी डिकीत नेली. १९६९ आणि १९७० मिळून अशा सुमारे साडेतेराशे ‘बॉस ४२९’ तयार झाल्या.

मागची बाजूही विसरायला नको. तिथे पाटे आहेत, आणि वाढलेल्या टॉर्कने अ‍ॅक्सल पाट्यांसकट पिळला जातो. गिअरबॉक्सचा कोन बदलला असेल तर डिफरेन्शियलचा कोनही त्याला जुळवावा लागतो, नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो.

हे पाहून आपल्याकडे कोणी जुन्या जीपला हात घालणार असेल तर शेवटचा गैरसमज त्याच्यासाठी. ‘काम मजबूत असेल तर आरटीओ पास करतं’ हे खरं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ राहणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. सीएनजी किंवा बॅटरीच्या मान्य किटची वाट वेगळी आहे. बाकी परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून ग्राइंडरला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि उत्तर हातात येईपर्यंत गाडी आहे तशी ठेवावी.