उतारवयातले सोबती – भाग ७ : घरात सू होते तेव्हा

दिघीत पहिल्या पाळीचा माणूस उजाडायच्या आत घराबाहेर पडतो. चाकणची कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही. घरच्या कुत्र्याचं फिरणंही त्या बसला बांधलेलं. पहाटे एकदा, मग थेट संध्याकाळी. तरुणपणी त्याने ते निभावलं. बाराव्या वर्षी निभत नाही, आणि हॉलमध्ये थारोळं दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “मुद्दाम करतोय.” मुद्दाम करत नाही. कान पाडतो तो तुमच्या चढलेल्या आवाजामुळे, गुन्हा कबूल म्हणून नव्हे.

ओरडण्याआधी ओल कुठे आहे ते बघा. अंथरुणातच ओल आणि त्याला पत्ताही नाही, तर ती गळती. नसबंदी झालेल्या मादीत मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडून झोपेत असं होतं. त्यावर गोळ्या आहेत, बहुतेकींना गुणही येतो. दारापाशी झाली असेल तर बिचारा निघाला होता, पोचला नाही. सांधे धरलेले, त्यात गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. दारापर्यंत न सरकणारी चटई अंथरा. मात्र आपल्या डब्यातली आयब्रुफेन त्याला कधीही देऊ नका, ती कुत्र्याला विषासारखी बाधते.

खाली नेलं, नुसताच उभा राहिला आणि वर येऊन कोपऱ्यात केली, असं वारंवार झालं तर मेंदूचं म्हातारपणही असू शकतं. कॅलिफोर्नियातल्या २००१ सालच्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचं किमान एक लक्षण आढळलं होतं.

पण आधी पाणी मोजा. सकाळी मापून भरा, रात्री उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरने तीन लिटर ओलांडले, तर मधुमेह, मूत्रपिंड, कुशिंग यांची तपासणी हवी. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान वाढते. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत अशी पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सू होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे असतात; मूत्रपिंड दुखावलेल्या जनावराला ते फार महागात पडतं.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला घ्यावा. मादी बसली की मागून पसरट झाकण सरकवायचं, नर असेल तर लांब दांड्याचा डाव. पुन्हा स्वयंपाकघरात न जाणारा. नमुना ताजा असतानाच दवाखान्यात पोचवा.

पुसताना हातमोजे घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. लेप्टोस्पायरोसिस लघवीतून पसरतो. अमोनियाचं क्लीनर टाळा. लघवीलाही तोच वास, म्हणजे जागा पक्की झाली.

आणि पाळी तर बदलत नाही. दुपारी शेजारचे निवृत्त फौजी काका एक चक्कर मारून आणत असतील तर उत्तम. नाहीतर बाल्कनीत उथळ ट्रे ठेवा आणि तो रोज जातो त्या झाडाखालची माती त्यात पसरा. वास ओळखीचा असला की जुनं जनावरही नवी जागा धरतं.