कळांच्या वेळी तुमच्याजवळ कोण?

मैत्रिणींनो, दुपटी, झबली, डिंकाचे लाडू, सगळी तयारी आपण महिनाभर आधी करतो. पण कळा सुरू झाल्यावर आपल्यापाशी कोण थांबणार, हे ठरवतो का? बहुतेकदा आई नि सासूबाई बाहेरच्या बाकावर आणि आपण आत एकट्या!

पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा सुईणीबरोबर आई, आत्या, शेजारच्या काकू असायच्या. दवाखान्यातलं बाळंतपण अधिक सुरक्षित, ते हवंच. पण ही सोबत मात्र दाराबाहेर राहिली.

सोबतीनं खरंच फरक पडतो बरं का! ग्वातेमालातल्या एका इस्पितळातली पाहणी १९८० साली प्रसिद्ध झाली. सोबत मिळालेल्या बायका दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत सुटल्या, एकट्या असलेल्यांना १९.३ तास लागले. सोबतीला होती ती अनोळखी बाईच! पाहणी लहान होती, एवढा फरक दर वेळी पडत नाही. पण १७ देशांतल्या २६ पाहण्यांचा २०१७ सालचा आढावाही सांगतो, की सतत सोबत असली तर कळांचा काळ थोडा कमी होतो आणि सिझेरियनची शक्यताही घटते.

आपल्या सरकारनंही २०१६ साली सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला मुभा दिली. ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत. जिथे पुरेसा आडोसा असेल, तिथे नवऱ्यालाही थांबता येतं.

मान कुणाचा, हे इथे बघू नका. जिच्या नुसत्या असण्यानं धीर येतो, तीच निवडा. मग ती आई असो, जाऊ असो की नणंद.

तिनं काय करायचं?

• कंबर, पाठ चोळून द्यावी. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर हात धरून फिरवावं, घोटघोट पाणी द्यावं.

• कळ आली की आपणही तिच्याबरोबर सावकाश श्वास घ्यावा.

• “ओरडू नकोस”, “आम्ही नाही का सोसलं?” हे शब्द टाळावेत.

• पोट दाबू नये. ‘लवकर सुटण्याचं इंजेक्शन द्या’ म्हणून नर्सबाईंच्या मागे लागू नये.

• रक्त जास्त जातंय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं, तर लगेच सांगावं.

सातव्या महिन्यातल्या तपासणीला जाल तेव्हा निवडलेल्या सोबतिणीला घेऊनच जा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “हिला आत थांबू द्याल ना?” विचारायला संकोच कसला? बाळंतपण तुमचं आहे!