व्होल्टेज रेग्युलेटर परिपथातील संवेदक रोधाची निवड

प्रास्ताविक :
भार बदलला तरी बाहेरील विद्युतदाब स्थिर ठेवणे हे व्होल्टेज रेग्युलेटरचे कार्य होय. मात्र बाहेरील टोके एकमेकांना जोडली गेल्यास (शॉर्ट सर्किट) हाच परिपथ दाब टिकविण्यासाठी विद्युतधारा वाढवीत जातो व पास ट्रान्झिस्टर जळण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून भाराशी एकसर जोडणीत अल्प मूल्याचा संवेदक रोध बसवितात. १९६७ मध्ये बाजारात आलेली ७२३ ही आयसी येथे उदाहरणादाखल घेतली आहे.

मूल्याची निश्चिती :
या रोधावरील विभवांतर सुमारे ०.६५ व्होल्ट झाले की आयसीतील धारा-मर्यादक ट्रान्झिस्टर वाहू लागतो आणि पास ट्रान्झिस्टरची बेस-धारा कमी करतो. यावरून ०.६५ ला कमाल धारेने भागल्यास रोधाचे मूल्य मिळते. ०.७५ ॲम्पिअर भारासाठी हे उत्तर ०.८७ ओहम येते. त्याजवळचे प्रमाणित मूल्य ०.८२ ओहम होय.

तापमानाचा परिणाम :
वरील ०.६५ व्होल्ट हे मूल्य २५ अंश सेल्सिअसचे आहे. दर अंशामागे ते सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. आयसी ७५ अंशांपर्यंत तापल्यास ०.५५ व्होल्टच उरतात. अशा वेळी ०.८२ ओहमचा रोध ०.६७ ॲम्पिअरलाच मर्यादा घालतो व पूर्ण भारावर बाहेरील दाब कोसळतो. ०.६८ ओहम घेतल्यास तापलेल्या स्थितीतही ०.८१ ॲम्पिअर मिळतात.

उष्णतेचा विचार :
थंड स्थितीत हीच मर्यादा ०.९६ ॲम्पिअर होते. आत येणारा दाब २० व बाहेरील दाब १२ व्होल्ट असल्यास, पूर्ण भारावर पास ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे ५.६ वॅट, तर शॉर्ट सर्किटमध्ये सुमारे १८.५ वॅट उष्णता निर्माण होते. हीट सिंक या दुसऱ्या आकड्यानुसार निवडावा. रोधात सुमारे ०.६२ वॅट उष्णता निर्माण होत असल्याने २ वॅटचा रोध सुरक्षित ठरतो.

जोडणी :
संवेदक तारा थेट रोधाच्या दोन्ही टोकांपासून घ्याव्यात. मार्गातील केवळ ०.०५ ओहम अधिक रोधामुळेही तापलेल्या स्थितीतील मर्यादा ०.७५ ॲम्पिअरवर येऊ शकते.

निष्कर्ष :
सारांश, रोधाचे मूल्य आयसीच्या उष्ण स्थितीवरून ठरवावे आणि ट्रान्झिस्टरची सुरक्षितता थंड स्थितीतील धारेवरून तपासावी. केवळ ओहमच्या नियमाने काढलेले उत्तर पुरेसे नसते.