मुंबईकर इंग्रजांची कुमक आणि साष्टीचें मोल

ठाण्याच्या उत्तरेस खाडीच्या कांठीं बाळकुम हें गांव आहे. समोरच्या तीरावर कशेळी व त्यापलीकडे भिवंडी. आज बाळकुम ठाणें महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें आणि खाडीवरील पुलावरून रहदारी अखंड चालू असते. परंतु इ. स. १७७४ च्या अखेरीपासून १८१७ पर्यंत, म्हणजे सुमारें ४२ वर्षें, या खाडीचे दोन कांठ दोन राज्यांत वांटले गेले होते. मधल्या युद्धांत कल्याण प्रांत इंग्रजांच्या हातीं होता तो थोडा काळ सोडल्यास, अलीकडे कंपनीचा अंमल व पलीकडे पेशव्यांचा, अशी स्थिति होती. ही सरहद्द ज्या युद्धामुळें पडली, त्याची मुख्य लढाई येथून दोनशें मैलांहून दूर, गुजराथेंत, महीच्या प्रदेशांत झाली. त्या युद्धांत मुंबईकर इंग्रजांनीं राघोबादादांस दिलेली कुमक व तिचें त्यांनीं घेतलेलें मोल यांचा हिशेब मांडणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

राघोबांनीं सुरतेच्या तहानें साष्टी इंग्रजांस देऊन टाकली, असा सामान्य समज आहे. तारखांचा क्रम लावून पाहिला म्हणजे हा समज जसाच्या तसा टिकत नाहीं.

ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवरावांचा जन्म होतांच बारभाईंची बाजू बळकट झाली आणि राघोबांस बाहेरचें साहाय्य शोधणें भाग पडलें. कंपनीच्या तीन इलाख्यांत मुंबईचा इलाखा त्या वेळीं सर्वांत दुबळा होता. त्याचा खर्च उत्पन्नांत भागत नसे, व पैशाकरितां बंगालकडे पाहावें लागे. मात्र बंदर सुरक्षित राहण्यासाठीं साष्टी व वसई आपल्या हातीं असावीं, ही मुंबईकरांची इच्छा जुनी होती. १७७४ च्या उत्तरार्धांत सुरतेचे मुख्य अधिकारी गँबियर यांच्यामार्फत बोलणें सुरू झालें, तेव्हां त्यांनीं प्रथम हींच दोन स्थळें मागितलीं. राघोबांनीं तीं देण्याचें नाकारलें. अन्य मुलूख व पैसा देऊं, परंतु साष्टी-वसई नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

याच सुमारास वसईप्रांत परत मिळविण्याकरितां पोर्तुगीजांचें आरमार येत असल्याची बातमी मुंबईस पोंचली. १७३७ सालीं साष्टी व १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतली होती. तीं पुन्हां त्यांच्याकडे गेल्यास मुंबईची कोंडी होईल, या भयानें गव्हर्नर हॉर्नबी यांच्या मंडळानें राघोबांच्या होकाराची वाट न पाहतां ठाण्यावर फौज पाठविली. ता. १२ डिसेंबर १७७४ रोजीं जनरल गॉर्डन यांच्या हाताखालीं ६२० युरोपियन, १००० कवाईती शिपाई व तोफखान्याचे २०० लष्कर निघाले. वेढ्यांत आरमाराचे अधिकारी वॉटसन प्राणांतिक जखमी झाले. ता. २७ च्या रात्रीं खंदक बुजविण्याचा प्रयत्न किल्ल्यांतील शिबंदीनें हाणून पाडला, त्यांत सुमारें १०० युरोपियन पडले. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं हल्ला करून इंग्रजांनीं किल्ला घेतला व शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल केली. वर्ष संपतां संपतां सारी साष्टी, अर्थात् बाळकुमासारखीं खाडीकांठचीं गांवें धरून, त्यांच्या ताब्यांत गेली. पोर्तुगीजांनीं निषेध नोंदविला, तो कागदावरच राहिला.

सुरतेचा तह झाला तो ता. ६ मार्च १७७५ रोजीं, म्हणजे ठाणें पडल्यावर सुमारें दहा आठवड्यांनीं. तत्पूर्वीं फेब्रुवारींत महीकांठीं हरिपंत फडके यांनीं राघोबांचा मोड केला होता, व ते खंबायत आणि भावनगर या मार्गानें सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास आले होते. सही करणाऱ्याच्या हातीं तेव्हां ना फौज होती, ना पैसा. जो मुलूख देण्याचें त्यांनीं सामर्थ्य असतांना नाकारलें, तो इंग्रजांनीं घेतल्यानंतर त्यांनीं मान्य केला, इतकाच साष्टीपुरता या तहाचा अर्थ आहे.

आतां कुमक व तिचें मोल हीं समोरासमोर मांडूं. इंग्रजांनीं तूर्त सुमारें १५०० व पुढें एकंदर २५०० माणसें तोफखान्यासह देण्याचें कबूल केलें. त्याबद्दल राघोबांनीं दरमहा दीड लाख रुपये द्यावयाचे, म्हणजे माणशीं महिना ६० रुपये पडले. या रकमेच्या हमीसाठीं आमोद, हांसोट, बलसाड व अंकलेश्वरचा कांहीं भाग लावून दिला. रोकड नव्हती, म्हणून सहा लाखांवर किंमतीचें जवाहीर गहाण ठेविलें. याखेरीज साष्टी, वसई, मुंबईनजीकचीं बेटें, जंबुसर व ओलपाड हीं कायमचीं तोडून द्यावयाचीं होतीं. तात्पर्य, फौजेचा खर्च मित्रानें सोसावा, त्याची हमीही मित्रानेंच द्यावी, आणि मुलूख वेगळा तोडून द्यावा, असा हा करार होता.

हा प्रकार मुंबईकरांस नवा नव्हता. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसईस वेढा दिला, तेव्हां पोर्तुगीजांस त्यांनीं दारूगोळा पुरविला, परंतु पैसा कर्जाऊ दिला तो देवळांतील चांदी व पितळी तोफा तारण घेऊनच. वसई पडल्यावर त्यांनीं मराठ्यांशीं लागलीच तह केला.

कुमक मात्र खरोखर दिली गेली, हेंही नमूद केलें पाहिजे. कर्नल कीटिंग यांची पलटणें एप्रिलांत खंबायतेनजीक राघोबांच्या फौजेस मिळालीं. ता. १८ मे १७७५ रोजीं अडासच्या मैदानांत हरिपंतांशीं लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूचे दोनशेंहून अधिक लोक, त्यांत ११ अंमलदार, ठार वा जखमी झाले. मैदान त्यांच्या हातीं राहिलें, परंतु पावसाळा तोंडावर आल्यामुळें पुण्याकडे जाणें झालें नाहीं.

तोंच कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळानें हें युद्ध अन्यायाचें व आपल्या संमतीवांचून केलेलें ठरवून तें थांबविण्याचा हुकूम पाठविला. १७७३ च्या नियामक कायद्यानें तसा अधिकार त्या मंडळास मिळाला होता. त्याचे वकील कर्नल अप्टन यांनीं ता. १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह केला. युद्ध अन्यायाचें ठरलें, राघोबांचा पक्ष सोडला, सुरतेचा तह रद्द झाला, तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. शिवाय युद्धखर्चाबद्दल बारा लाख रुपये पुणें दरबारानें देण्याचें ठरलें. जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास कोंडलेल्या इंग्रज फौजेनें साष्टी परत करण्याचें लिहून दिलें; मुंबईनें तें मानलें नाहीं. शेवटीं ता. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहांत, जनरल गॉडर्ड यांनीं डिसेंबर १७८० मध्यें जिंकलेली वसई परत आली, साष्टी आली नाहीं. राघोबांस दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली व ते १७८३ अखेर कोपरगांवीं वारले. ज्यांच्या नांवानें कुमक दिली त्यांची गादी गेली. कुमकेचें मोल तेवढें वसूल झालेलें राहिलें.

दप्तरें व सुटे कागद जमविणाऱ्यांस या क्रमाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. ठाण्याचा वेढा, सुरतेचा तह आणि अडासची लढाई या तिन्ही गोष्टी एकाच शुहूर सनांत, म्हणजे खमस सबैन मया व अलफ (११७५) मध्यें येतात, कारण हा सन जून १७७४ च्या मृगापासून जून १७७५ च्या मृगापर्यंत चालतो. केवळ सन पाहून अशा कागदांचा मागचापुढचा क्रम लावूं गेल्यास तह आधीं व ठाणें मागून, असा घोटाळा सहज होतो. म्हणून चंद्र अवश्य पाहावा. ठाणें सवालांत पडलें, तह मोहरमच्या आरंभीं झाला, लढाई रबिलावलांत झाली. शक दिला असल्यास ठाणें व तह शके १६९६ जय संवत्सरांत, तर लढाई शके १६९७ मन्मथ संवत्सरांत येते. साष्टी देऊं करणारा राघोबांच्या पक्षाचा कागद हातीं आल्यास तो सवालापूर्वींचा कीं नंतरचा, हा पहिला प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरावर त्या गृहस्थाविषयींचा आपला निर्णय अवलंबून आहे.

बाळकुमाच्या परिसरांतील कागद पाहतांनाही हीच सरहद्द ध्यानांत ठेवावी. १७७४ पूर्वींचा साष्टीचा कागद पेशव्यांच्या कारभाराचा, त्यानंतरचा कंपनीच्या कारभाराचा. समोरच्या कशेळी-भिवंडीकडील कागद मात्र जून १८१७ च्या पुणें करारानें उत्तर कोंकण कंपनीकडे जाईपर्यंत बहुतांशीं पेशव्यांच्या कल्याण प्रांताचाच. एकाच खाडीच्या दोन कांठांवरील, एकाच वर्षाचे दोन कागद शेजारीं शेजारीं ठेविले असतां सरकार, शिक्का व वसुलाची रीत निराळी आढळल्यास त्यांपैकीं एक बनावट मानण्याचें कारण नाहीं. दोन्ही खरे असूं शकतात.